कोल्ड फ्युजन: उष्णता खरी धरली, तरी ती अणुकेंद्रातलीच कशावरून?

कृष्णाकाठ (सांगली)

विषय जुना आहे: कोल्ड फ्युजन, म्हणजे सामान्य तापमानाला अणुकेंद्रकं एकत्र येऊन (संमीलन होऊन) ऊर्जा सुटते हा दावा. पण विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि मुद्दा अर्धवट राहिला, म्हणून इथे आणतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स या दोन विद्युतरसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. काचेच्या नळकांड्यात जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतो), त्यात थोडा लिथियमचा अल्क, मधे पॅलेडियमची कांडी, भोवती प्लॅटिनमची तार आणि दिवसचे दिवस चालू ठेवलेला वीजप्रवाह. त्यांचं म्हणणं होतं की घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते. पुढच्याच महिन्यात लेख छापून आला. त्यातला दावा असा: पॅलेडियमच्या दर घन सेंटिमीटरमागे १० वॅटपेक्षा जास्त उष्णता, १२० तासांहून जास्त वेळ, एकूण ४ मेगाज्यूलच्या वर. आणि निष्कर्ष असा की एवढी उष्णता रासायनिक असूच शकत नाही, तेव्हा ती केंद्रकीय आहे.

मला ही उडी खटकते. उष्णता मोजणारं यंत्र उष्णता किती ते सांगतं, ती कुठून आली ते सांगत नाही. 'रसायनात बसत नाही' हा नकारात्मक पुरावा झाला. केंद्रकीय म्हणायचं तर ड्युटेरियम जळून मागे काय उरलं ते दाखवायला हवं, आणि तेही उष्णतेच्या प्रमाणात.

तेव्हा या धाग्यापुरतं 'जादा उष्णता निघते' हे वादासाठी मान्य करू, आणि ती केंद्रकीय आहे याचा स्वतंत्र पुरावा काय एवढंच बोलू. (बघू किती जण ऐकतात.)

हळदीपेठ

सुरुवातीलाच उष्णता मान्य करायची म्हणजे निम्मी लढाई फुकट दिली की राव.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ, मांडणी चांगली आहे, पण 'नकारात्मक पुरावा' म्हणून तुम्ही तो फार स्वस्तात काढताय. हिशेब करा. एक घन सेंमी पॅलेडियम म्हणजे १२ ग्रॅम, सुमारे ०.११ मोल. ड्युटेरियम पॅलेडियममध्ये शिरताना जी उष्णता सुटते ती मोलला ३५ ते ४० किलोज्यूलच्या घरात. कांडी पूर्ण भरली तरी सगळी मिळून दोन किलोज्यूल. दावा ४ मेगाज्यूलचा आहे, म्हणजे दोन हजार पट! 'कुठली तरी अज्ञात रासायनिक क्रिया असेल' असं म्हणायला इथे जागाच उरत नाही. रसायनात एका अणूमागे काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, केंद्रकात लाखो.

दोन हजार पटीचा फरक असेल तर मग दोनच शक्यता. मोजमाप चुकलं, किंवा उगम केंद्रकात आहे. आणि तुम्ही तर मोजमाप मान्य करून बसलाय.

कृष्णाकाठ (सांगली)

@अजिंक्यतारा, पेचात पकडलंत. :)

कुपवाडप्लेटर

मी भौतिकशास्त्रातला नाही. एमआयडीसीत निकेल-झिंकचे टब चालवतो. पण धातूत हायड्रोजन शिरतो हे आमच्यासाठी रोजचं आहे. कडक स्टीलच्या पार्टवर प्लेटिंग केलं की हायड्रोजन आत जातो आणि पार्ट ठिसूळ होतो. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीच्या आसपास काही तास बेकिंग करावं लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाकडे बोल्ट कडकन तुटतो आणि माल परत.

माझा मुद्दा टबाच्या हिशेबाचा आहे. उघडं भांडं असेल तर विजेचा एक भाग पाणी फोडण्यात जातो आणि वायूबरोबर उडून जातो. जड पाण्यासाठी तो १.५४ व्होल्ट गुणिले करंट इतका धरतात. समजा ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर चालू आहे. घातले अडीच वॅट. त्यातले ०.७७ वायूबरोबर गेले असं धरून वजा केले, तर उष्णता १.७३ वॅट यायला हवी. आता वायू बाहेर गेलेच नाहीत, आतल्या आत प्लॅटिनम-पॅलेडियमच्या पृष्ठभागावर परत जुळून पाणी झाले, तर? कॅलरीमीटर (उष्णता मोजणारं यंत्र) अडीच दाखवणार. कागदावर ४४ टक्के 'जादा' उष्णता! कुठल्याही केंद्रकाला हात न लावता. आणि ही जादा उष्णता महिनाभर साठवत गेलात की मेगाज्यूल होतातच.

अजिंक्यतारा (सातारा)

@कुपवाडप्लेटर, हा आक्षेप १९८९ मध्येच आला आणि त्याला उत्तरही आहे. वायू आत जुळत असतील तर जड पाणी कमी खपेल. फ्लाइशमन-पॉन्स यांनी रोज किती जड पाणी वर घालावं लागतं ते मोजलं, ते फॅरेडेच्या नियमाशी (किती विजेने किती पाणी फुटतं त्या हिशेबाशी) जुळत होतं. पुढे कॅलिफोर्नियात एसआरआय संस्थेत मायकेल मॅक्क्युब्रे यांनी तर भांडंच बंद केलं. आत उत्प्रेरक बसवून सगळे वायू मुद्दाम परत जुळवले, म्हणजे वजाबाकीचा प्रश्नच मिटला, आणि बाहेरून पाणी फिरवून उष्णता मोजली. तिथेही जादा उष्णता दिसली, मात्र पॅलेडियममध्ये ड्युटेरियम खच्चून भरला तरच. दर पॅलेडियम अणूमागे ०.९ ड्युटेरियमच्या आसपास पोचलं नाही तर काहीच नाही. म्हणून घाईघाईत प्रयोग केलेल्यांना काही मिळालं नाही.

हळदीपेठ

बघा, म्हटलं नव्हतं? धागाकर्त्याने उष्णता मान्य केली तरी लोक उष्णतेवरच भांडणार.

पाटबंधारे_निवृत्त

आमच्या भाच्याने यूट्यूबवर बघून बुलेटला पाण्याची टाकी जोडलीय, त्यातून हायड्रोजन काढून गाडी चालते म्हणे. ॲव्हरेज वाढलं असं शपथेवर सांगतो. ते हेच का?

कृष्णाकाठ (सांगली)

काका, ते हे नाही. त्याबद्दल वेगळा धागा काढा, हवं तर भाच्यालाच काढू दे.

मिरजकरीण

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येते. 'केंद्रकीय' हा शब्द फार ढिलेपणाने वापरला जातोय. ड्युटेरियमची दोन केंद्रकं एकत्र आली तर काय होतं हे १९३० च्या दशकापासून प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. तीन वाटा आहेत.

साधारण निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचाच आणखी जड, किरणोत्सारी प्रकार) आणि प्रोटॉन निघतात, मिळून ४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा. साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन, न्यूट्रॉनकडे २.४५ एमईव्ही. आणि एक कोटी वेळांत एखादवेळ सरळ हेलियम-४ तयार होतो आणि २३.८ एमईव्हीचा गॅमा किरण सुटतो.

आता १ वॅट उष्णता पहिल्या दोन वाटांनी आली असं धरा. सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. फ्लाइशमन-पॉन्स यांचा दावा याहून जास्त उष्णतेचा होता. तसं असतं तर त्या टेबलाशेजारी उभे असलेले सगळे आजारी पडले असते. भौतिकशास्त्रज्ञांच्या वर्तुळात 'मग तो संशोधक विद्यार्थी जिवंत कसा?' असा क्रूर विनोद तेव्हापासून चालत आलाय. त्यांनी सुरुवातीला गॅमाचा एक आलेख दाखवला होता, न्यूट्रॉनचा अप्रत्यक्ष पुरावा म्हणून. एमआयटीच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की त्या शिखराचा आकार गॅमाच्या रेषेसारखा नाहीच, त्यासोबत दिसायलाच हवी अशी कॉम्प्टनची कड (गॅमा इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरल्याची खूण) त्यात नव्हती. तो पुरावा तिथेच संपला.

शिवाय आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पॅलेडियममध्ये ड्युटेरियम 'दाटीवाटीने' बसतो म्हणून संमीलन होतं, असं सांगितलं जातं. पण ड्युटेरियमच्या साध्या वायूत, एकाच रेणूतल्या दोन केंद्रकांत ०.७४ अँगस्ट्रॉम अंतर असतं (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). पॅलेडियमच्या अणूंच्या जाळीत शेजारशेजारच्या जागांमधलं अंतर २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास. म्हणजे धातूत शिरून ती लांब जातात!

भडंग (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष)

मॅडम, मग थंडपणे संमीलन होणं शक्यच नाही असं म्हणायचं का?

मिरजकरीण

तसं मी म्हणणार नाही. म्युऑन नावाचा कण इलेक्ट्रॉनच्या जागी बसवला तर रेणू दोनशे पट आक्रसतो आणि सामान्य तापमानालाही संमीलन होतं. लुई अल्वारेझ यांच्या गटाने ते १९५६ मध्ये बघितलं. त्यात वीज कमावता येत नाही, कारण म्युऑन बनवायलाच जास्त ऊर्जा लागते आणि तो दोन मायक्रोसेकंदांत मरतो. पण तिथे न्यूट्रॉन जिथे दिसायला हवेत तिथे दिसतात. थंड असण्यावर माझा आक्षेप नाही, काही मागे न सोडण्यावर आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

मॅडम, तुमचा युक्तिवाद असा की निर्वातातल्या टक्करींमध्ये जे होतं तेच धातूच्या आत व्हायला हवं. हेच तर सिद्ध करायचं आहे ना? समर्थकांचं म्हणणं नेमकं असं आहे की जाळीच्या आत तिसरी वाट मुख्य होते, हेलियम-४ बनतो आणि ऊर्जा गॅमाऐवजी जाळीला मिळते. ज्युलियन श्विंगर यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने हे गांभीर्याने घेतलं होतं. ते काही बुलेटवाले नव्हते.

आणि आपल्या घरचं उदाहरण द्या ना कुणीतरी! मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार संचालक होते. १९८९ मध्येच तिथे अनेक गटांनी हे प्रयोग केले आणि वर्षअखेरीला अहवाल काढला, बीएआरसी-१५००. एम. श्रीनिवासन त्यात प्रमुख. ट्रॉम्बेतल्या लोकांना जड पाणी, ट्रिटियम, न्यूट्रॉन हे सगळं हाताळायची रोजची सवय. त्यांना ट्रिटियम सापडला. ट्रिटियम कुठल्याही रासायनिक क्रियेत तयार होत नाही. हे केंद्रकीय नाही तर काय?

कृष्णाकाठ (सांगली)

@अजिंक्यतारा, बीएआरसीचं नाव निघणार हे ठाऊक होतं आणि ते निघालं हे बरंच झालं. अहवालातली गंमतीची गोष्ट अशी की दर दहा कोटी ट्रिटियममागे साधारण एक न्यूट्रॉन. मॅडमनी वर सांगितलेल्या हिशेबाने हे प्रमाण जवळपास एकास एक हवं. म्हणजे ट्रिटियम खरा असेल तर तो नेहमीच्या वाटेने आलेला नाही. आणि खोटा असेल तर आधीपासूनच कुठून तरी आलेला. जड पाण्याच्या अणुभट्ट्या जिथे चालतात तिथे ट्रिटियम काही दुर्मीळ नाही, शिवाय विद्युतविच्छेदन करत राहिलं की उरलेल्या पाण्यात तो थोडा गोळा होत जातो. ट्रॉम्बेच्या लोकांना हे माहीत होतंच, त्यांनी त्या वजावटी केल्याही. मी त्यांच्यावर शंका घेत नाहीये.

माझा मुद्दा वेगळा आहे. ट्रिटियम शंभर टक्के खरा मानला तरी तो उष्णतेच्या हिशेबाला पुरत नाही, कित्येक पटींनी कमी पडतो. म्हणजे 'भांड्यात कुठेतरी एखादी केंद्रकीय क्रिया होते' आणि 'ही उष्णता त्या क्रियेची आहे' ही दोन वेगळी विधानं झाली. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. समर्थक सर्रास पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतात.

हळदीपेठ

हे पटलं. म्हणजे खुनाच्या जागी चोरीचा पुरावा.

गळीतहंगाम

साखर कारखान्यात लॅबला आहे, सध्या हंगाम बंद म्हणून वेळ आहे. मला एवढंच कळत नाही, एक वॅटला हेलियम किती यायला हवा? आकडा सांगा, मग बोलू.

मिरजकरीण

दर हेलियममागे २३.८ एमईव्ही धरलं तर १ वॅटसाठी सेकंदाला सुमारे २६ हजार कोटी अणू. ऐकायला प्रचंड वाटतं. दिवसभराचे गोळा केले तर नेहमीच्या तापमान-दाबाला एक मिलिलिटरचा हजारावा भागसुद्धा होत नाही, ०.०००८ मिलि.

खरी मेख इथेच आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत दर दहा लाख भागांत ५.२ भाग हेलियम असतोच. १ वॅटच्या दिवसभराच्या 'राखे'एवढा हेलियम सुमारे १६० मिलि हवेत आयता मिळतो. आणि बहुतेक प्रयोगांत जादा उष्णता वॅटच्या काही दशांश किंवा त्याहूनही कमी होती. ०.१ वॅट असेल तर दिवसाला १६ मिलि हवा आत झिरपली की काम झालं. त्यात काचेची भांडी! हेलियम काचेतूनसुद्धा आरपार जातो, हळू पण जातो.

हा धडा तर कोल्ड फ्युजनच्याही आधीचा आहे. १९२६ मध्ये बर्लिनला पानेथ आणि पेटर्स या दोघांनी जाहीर केलं की पॅलेडियममध्ये हायड्रोजनपासून हेलियम बनतो. पुढच्याच वर्षी त्यांनी दावा मागे घेतला, कारण हेलियम काचेतून सुटत होता. तोच धातू, तोच वायू, तीच काच, ६३ वर्षं आधी. मागे घेण्याची हिंमत मात्र त्यांनी दाखवली, त्याबद्दल मला फार आदर आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

चला, आता खऱ्या मुद्द्यावर आलो. मेल्विन माइल्स हे अमेरिकन नौदलाच्या चायना लेक प्रयोगशाळेत होते. त्यांनी ज्या भांड्यात जादा उष्णता होती आणि ज्यात नव्हती अशा दोन्हींमधून निघणारा वायू गोळा करून हेलियमसाठी तपासायला पाठवला. उष्णता असलेल्यांत हेलियम दिसला, नसलेल्यांत तो पार्श्वभूमीपुरताच राहिला. काचेचा आक्षेप आल्यावर त्यांनी धातूच्या बाटल्या वापरल्या, तरी निष्कर्ष तोच. मॅडम, काचेतून झिरपणाऱ्या हेलियमला कसं कळतं की आज कुठल्या भांड्यात उष्णता निघतेय आणि कुठल्यात नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. शिव्या दिल्यात.

मिरजकरीण

हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत प्रश्न आहे, हे मी मान्य करते. शिव्या मिळाल्या असतील तर त्या चुकीच्याच. पण उत्तराची एक शक्यता आहे. गरम भांड्यातून झिरपण्याचा वेग वाढतो. जास्त वेळ चाललेल्या, जास्त प्रवाह घेतलेल्या भांड्यांमध्ये उष्णतेची चूकही वाढते आणि हेलियम शिरायला वेळही मिळतो. दोन्हींचं तिसरं समान कारण असू शकतं. आहेच असं म्हणत नाही. पण ते नाकारल्याशिवाय सहसंबंध हा उगमाचा पुरावा होत नाही.

गळीतहंगाम

बरं, आकडा जुळला का? प्रमाणाचं विचारतोय, दिसला-नाही दिसला हे नको.

अजिंक्यतारा (सातारा)

माइल्स यांच्या मोजणीत अपेक्षित हेलियमच्या साधारण निम्मा, चुकीची मर्यादा मोठी. उरलेला पॅलेडियममध्ये अडकून राहतो असं त्यांचं म्हणणं. एसआरआयच्या एका प्रयोगात कांडीत अडकलेला हेलियमही बाहेर काढायचा प्रयत्न झाला, तेव्हा हिशेब २४ एमईव्हीच्या अगदी जवळ गेला असं त्यांनी मांडलं.

गळीतहंगाम

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे उसातून आलेली साखर एका बाजूला लिहायची. दुसऱ्या बाजूला पोत्यात गेलेली, मळीत गेलेली, प्रेसमडमध्ये गेलेली, बगॅसमध्ये गेलेली. बेरीज कधीच तंतोतंत जुळत नाही, जे उरतं ते 'अननोन लॉस'. तो थोडा असला तर कुणी विचारत नाही. तो निम्मा निघाला आणि मी एमडींना म्हणालो, 'साहेब, निम्मी साखर पाइपांना चिकटली असणार', तर ते पाइप खोलायला लावतील. प्रत्येक वेळी, सगळे पाइप. एकदा एक पाइप खोलून साखर सापडली म्हणून बाकीच्या हंगामांचा हिशेब मंजूर होत नाही.

म्हणजे प्रत्येक कांडी वितळवून त्यातला हेलियम मोजायला हवा होता. केलं का तसं?

अजिंक्यतारा (सातारा)

सरसकट नाही केलं. हे मान्य.

कुपवाडप्लेटर

गळीतहंगाम भाऊ, एक नंबर!

भडंग (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष)

एक शंका. हेलियम-४ बनतो आणि गॅमा निघत नाही, ऊर्जा जाळीला जाते, हे म्हणायला काय अडचण आहे? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तर मोडत नाही.

मिरजकरीण

संवेगही सांभाळावा लागतो. आणि मुख्य अडचण वेळेची. दोन ड्युटेरॉन (ड्युटेरियमची केंद्रकं) एकत्र येऊन जे उत्तेजित केंद्रक बनतं ते १ भागिले १ वर २१ शून्यं इतक्या सेकंदांच्या आसपास फुटतं. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा शेजारच्या पॅलेडियम अणूपर्यंतच्या अंतराचा हजारावा भागच कापतो. जाळीची कंपनं त्याहून कोट्यवधी पट संथ. म्हणजे शेजाऱ्याला बातमी कळायच्या आत निर्णय लागलेला असतो. जाळी त्या निर्णयात हात कसा घालणार?

बरं, असंही म्हणून बघा की गॅमा नाही, पण हेलियमचं केंद्रकच ती सगळी ऊर्जा घेऊन सुसाट पळतं. मग ते भोवतालच्या ड्युटेरॉनना ठोकरणार, ते एकमेकांवर आदळणार आणि पुन्हा न्यूट्रॉन निघणार. तेही दिसत नाहीत. म्हणजे ऊर्जा असंख्य अणूंमध्ये बारीक बारीक वाटली गेली पाहिजे, एका फटक्यात. पीटर हॅगेलस्टाइन यांनी त्यासाठी अनेक वर्षं प्रतिकृती मांडल्या. प्रामाणिक माणूस, त्यांनी अडचणी लपवल्या नाहीत. पण सगळ्यांना पटेल असं काही हाती आलेलं नाही.

कोल्ड फ्युजनचे टीकाकार जॉन हायझेंगा यांनी याला तीन चमत्कार म्हटलं होतं: केंद्रकं एकमेकांना दूर ढकलतात तो अडथळा ओलांडला जाणं, न्यूट्रॉन न निघणं, गॅमा न निघणं. एक चमत्कार मी एखादवेळ पचवीन. तीन एकाच भांड्यात नको.

अजिंक्यतारा (सातारा)

सिद्धांत नाही म्हणून निरीक्षण खोटं, असं म्हणायचं का? अतिवाहकता १९११ मध्ये सापडली, समाधानकारक सिद्धांत १९५७ मध्ये आला. मधली ४६ वर्षं शिसं-पारा थांबले नव्हते.

मिरजकरीण

बरोबर. पण त्या ४६ वर्षांत कुणीही पारा गार केला की रोध नाहीसा व्हायचा, कुठल्याही देशात, कुठल्याही वारी. इथे तसं असतं तर मी सिद्धांत मागितलाच नसता.

हळदीपेठ

😂 हा चौकार.

कृष्णाकाठ (सांगली)

अधिकृत तपासण्यांचं कुणी काढलं नाही, म्हणून मीच थोडक्यात लिहितो. १९८९ च्या नोव्हेंबरात अमेरिकन ऊर्जा खात्याच्या समितीने खास निधी देऊ नये असं सांगितलं. २००४ मध्ये त्याच खात्याने पुन्हा १८ परीक्षकांकडून मतं घेतली. त्यांचा निकाल आपल्या धाग्यासाठी बोलका आहे. जादा उष्णतेच्या प्रश्नावर परीक्षक जवळपास निम्मे-निम्मे विभागले गेले. केंद्रकीय क्रियेच्या प्रश्नावर मात्र दोन तृतीयांश लोकांना पुरावा पुरेसा वाटला नाही, फक्त एकाला खात्रीलायक वाटला, बाकीचे कुंपणावर. म्हणजे तिथल्या जाणकारांनीही हे दोन प्रश्न वेगळे धरले आणि त्यांना वेगळी उत्तरं मिळाली.

मग गुगलने पैसा घालून काही विद्यापीठांतल्या गटांना काही वर्षं गुपचूप कामाला लावलं. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलं की कोल्ड फ्युजनचा काही पुरावा मिळाला नाही. ड्युटेरियम त्या पातळीपर्यंत खच्चून भरणंच किती अवघड आहे हे मात्र त्यातून नीट कळलं.

अजिंक्यतारा (सातारा)

आणि २०२५? ते का गाळलंत? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 'नेचर'मध्येच दाखवलं की पॅलेडियममध्ये विद्युतरासायनिक पद्धतीने ड्युटेरियम भरला की संमीलनाचा दर सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो. न्यूट्रॉन मोजून.

कृष्णाकाठ (सांगली)

गाळलं नाही, तुम्ही आणाल याची खात्री होती. :) तो प्रयोग मला फार आवडला, आणि माझ्याच बाजूने आहे. त्यांनी प्लाझ्मातले ड्युटेरियमचे आयन विद्युतदाबाने पॅलेडियमवर आदळवले, म्हणजे संमीलन आधीपासून चालूच होतं, नेहमीच्या पद्धतीने. रसायनाने फक्त लक्ष्यात ड्युटेरियम जास्त भरला. आणि त्यांनी उष्णतेला हातच लावला नाही! मिळालेली ऊर्जा घातलेल्या ऊर्जेपुढे नगण्य होती. त्यांनी न्यूट्रॉन मोजले, जे कुणी नाकारू शकत नाही. ३६ वर्षं झगडून कॅलरीमीटरने जे जमलं नाही ते कण मोजणाऱ्या यंत्राने साधलं.

अजिंक्यतारा (सातारा)

तुम्ही प्रत्येक गोष्ट 'माझ्याच बाजूने' वळवता. वकील व्हायला हवं होतं. पण हेही बघा, रसायनाचा संमीलनावर परिणाम होऊच शकत नाही असं म्हणणारे आता गप्प झाले की नाही?

मिरजकरीण

असं मी तरी कधी म्हटलं नव्हतं. धातूतले इलेक्ट्रॉन अडथळा थोडा कमी करतात हे त्याआधीही मोजलेलं आहे. थोडा कमी करणं आणि वॅटभर उष्णता देणं यात मात्र फार मोठी दरी आहे.

भडंग (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष)

मग कुठला प्रयोग झाला तर तुम्ही दोघं एकमत कराल? अजिंक्यतारा काका आणि मिरजकरीण मॅडम, दोघांनी सांगा. आमच्या सेमिनारला हाच विषय घ्यावा म्हणतोय.

मिरजकरीण

माझ्या अटी: पूर्ण धातूचं, वेल्ड केलेलं बंद भांडं, काच कुठेही नको. शेजारी तसंच साध्या पाण्याचं भांडं, तेवढाच प्रवाह, तेवढेच दिवस. पहिल्या लेखात साध्या पाण्याची तुलना नव्हती, तो खड्डा अजून बुजलेला नाही. वायूचे नमुने ज्याला कुठला कुठल्या भांड्यातला हे माहीत नाही अशाकडे तपासायला जावेत. हेलियमबरोबर निऑन आणि आर्गॉनही मोजावेत. हवेत आर्गॉन जवळपास एक टक्का आहे, त्यामुळे हवा शिरली असेल तर तो लगेच चहाडी करतो. पण नुसता आर्गॉन नाही म्हणून समाधान मानू नका, काचेतून किंवा रबरी सीलमधून हेलियम एकटाच येऊ शकतो, आर्गॉनला मागे ठेवून. शेवटी कांडी वितळवून आतला हेलियम. आणि हे सगळं उष्णतेच्या चढ-उताराबरोबर वेळोवेळी, शेवटी एकदाच नको.

उष्णता दुप्पट झाली तेव्हा हेलियम दुप्पट, थांबली तेव्हा थांबला, आणि हवेतल्या प्रमाणाच्या कितीतरी वर गेला, असं तीन वेगळ्या प्रयोगशाळांत दिसलं तर मी माझ्या वर्गात शिकवायला सुरुवात करीन. सिद्धांताची वाट न बघता.

गळीतहंगाम

आणि मोजायच्या आधी कागदावर लिहून ठेवा की किती यायला हवा. नंतर आकडा बघून स्पष्टीकरण शोधायचं नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

मला या अटी मान्य आहेत, एक सोडून. तीन प्रयोगशाळा कुठून आणायच्या? या विषयाचं नाव काढलं की निधी बंद, बढती बंद. जपानने १९९० च्या दशकात सरकारी कार्यक्रम काढला, तोही गुंडाळला. आपल्याकडे बीएआरसीचं काम काही वर्षांतच थांबलं. २०११ मध्ये चेन्नईला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, २०१५ मध्ये 'करंट सायन्स'ने या विषयावर विशेष विभाग काढला, की पुन्हा शांतता. पुरावा मागायचा आणि मोजायची साधनं द्यायची नाहीत, याला मी न्याय म्हणत नाही.

कुपवाडप्लेटर

बाकी काही असो, वेल्डिंगचं आणि स्टीलच्या भांड्याचं काम आमच्याकडे फुकट करून देतो. लीक टेस्टसकट. हेलियम मोजायचं मशीन तेवढं तुम्ही बघा.

भडंग (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष)

हेलियम मोजायचं मास स्पेक्ट्रोमीटर किती किमतीचं असतं?

मिरजकरीण

भडंग, किमतीपेक्षा मोठी अडचण अशी की हेलियम-४ आणि ड्युटेरियमचा रेणू, दोघांचंही वस्तुमान जवळपास चारच. साधं यंत्र दोघांना एकच समजतं. जिथे ड्युटेरियम भरपूर आणि हेलियम चिमूटभर, तिथे आधी ड्युटेरियम पूर्णपणे काढून टाकावा लागतो किंवा फार बारीक फरक ओळखणारं यंत्र लागतं. ते कॉलेजात मिळणार नाही. सेमिनारला घे, प्रोजेक्टला घेऊ नकोस.

अजिंक्यतारा (सातारा)

भडंग, सेमिनारला घेतलास तर बीएआरसी-१५०० मूळ वाच, आमच्या भांडणावर जाऊ नकोस. आणि कृष्णाकाठ, ट्रिटियमची बाब तुम्ही दोन परिच्छेदांत उरकलीत ते मला पटलेलं नाही. त्यावर वेगळा धागा काढतोय, तिथे या.